नेमाण्णाची पायरी

आमच्या घरी भाकरी कडू लागायची.

जोंधळा वाईट होता असं नाही. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत पानांच्या शिरा काढायला जायची. दिवसभर तंबाखूत बुडालेले हात संध्याकाळी राखेनं घासायची, चिंचेच्या कोळानं घासायची आणि मग परातीत पीठ घ्यायची. तरीही तो कडवटपणा पाण्याबरोबर पिठात उतरायचाच. धाकटी बहीण अंगावर पीत होती, ती आईचा हात गालाला लागला की तोंड फिरवून रडायची. वडील त्याच वखारीत हमाल. किलतानात बांधलेले तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाले गठ्ठे, पाठीवर घेऊन गाडीत चढवायचे आणि घरी आले की गुडघ्यात मान घालून खोकत बसायचे. औषध म्हणून गूळ असायचा. गूळ संपला की खोकला तसाच.

त्या कडू भाकरीनं मला एक गोष्ट मात्र दिली. नाक. शेजारी कुणाच्या चुलीवर काय रटरटतंय ते मी अंथरुणात पडून सांगायचो. वखारीतून परतणाऱ्या बायकांच्या घोळक्यातून आई दिसायच्या आधी मला तिचा वास लागायचा. आई म्हणायची, "ह्या पोराचं नाक न्हवं, कुत्र्याचं हाय." माझ्या नाकाची तारीफ झाली ती एवढीच. कारण निपाणीत नाक म्हणजे एकाच माणसाचं, नेमाण्णा तपकीरवाल्याचं.

वडिलांच्या तोंडी दुसरा माणूस नव्हता. "नेमाण्णाचं नाक म्हंजे काय सांगू! आमी बोद फोडतो, पान उचलतो, आन् ह्यो गडी लांब दारात हुभा ऱ्हातो. जवळबी येत न्हाय. लांबूनच वास घेतो आन् सांगतो, ह्यो घ्या, ह्यो नको." मी वर्गात पहिला आलो तर वडील म्हणायचे, "ब्येस झालं," आणि लगेच, "नेमाण्णा बघ, शाळंची पायरी चढला न्हाय, पर डोकं!" माझ्यासाठी मांडलेल्या प्रत्येक पाटावर आधी नेमाण्णा येऊन बसलेला असायचा. तेव्हापासून मी त्याच्यावर जळत आलो. आज तो नाही, तरी हे लिहिताना थोडं जळतंच आहे. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो. मनात कधी म्हटलं नाही, म्हणून इथंही म्हणत नाही.

दिसायला विशेष काही नव्हता. ठेंगणा, भरलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, डोक्याला पांढरा रुमाल आणि ऊन असो नसो, हातात छत्री. जैनाचं घर, त्यामुळं सूर्य बुडायच्या आत जेवण. दुपार कलली की त्याचं लक्ष आभाळाकडं लागायचं. गिऱ्हाईक दारात असलं तरी, "सूर्य माझ्यासाठी थांबत न्हाय बाबा, तू थांब," म्हणून उठायचा. बोलणं हळू, निम्मं मराठी, निम्मं कानडी. रागावला की पूर्ण कानडी.

दुकान बाजाराच्या तोंडाला. मागं कारखाना, म्हणजे एक लांबट पत्र्याची खोली. तिथं तंबाखू भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची, चुना आणि तूप लावून मळायची. दुकानात गादी होती, लोड होता, पण गादीवर मुनीम. नेमाण्णा बसायचा दुकानाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, रस्त्याला पाय लावून. शेजारी पितळी ताटली, ताटलीत तपकिरीचा छोटा ढीग. ती वानगी. येणाऱ्या-जाणाऱ्यानं चिमूट घ्यावी, ओढावी आणि चालू लागावं. घेतलीच पाहिजे असं नाही. पैशाचं नाव नाही. नेमाण्णाच्या बोटांतही दिवसभर एक चिमूट असायची, पण ती नाकाला लागलेली मी कधी बघितली नाही. मला वाटायचं, मिजास.

आणखी एक खोड होती. चिमूट ओढलेल्या माणसाला तो "कशी हाय?" असं कधी विचारायचा नाही. विचारायचा, "म्हशीनं दूध दिलं काय गा?" किंवा "पोरगी नांदायला गेली न्हवं?" तो माणूस म्हशीचं सांगत बसायचा आणि नेमाण्णा खालून त्याच्या तोंडाकडं बघत राहायचा. मुनीम एकदा वैतागून म्हणाला, "अण्णा, मालाचं इचारा की. म्हशीचं काय करायचंय आपल्याला?"

"मालाचं इचारलं तर म्हणंल, ब्येस हाय," नेमाण्णा म्हणाला. "फुकटची चिमूट वढलेला माणूस वाईट कसा म्हणंल? त्येची जीभ मिंधी असतीया. नाक मिंधं नसतंय."

मी मॅट्रिक झालो तेव्हा वडील मला त्या पायरीवर पाया पडायला घेऊन गेले. मला जायचं नव्हतं. नेमाण्णानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मॅट्रिक झालास व्हय रं? म्होरं काय?"

"कॉलेज. बेळगावला."

"ऱ्हाणार कुठं?"

फीची सवलत मिळेल असं हेडमास्तर म्हणाले होते, पण बेळगावात आमचं कुणी नव्हतं. वडील जमिनीकडं बघायला लागले.

"खडेबाजारात माझं दुकान हाय. वर माळा हाय. सकाळी कॉलेज, दुपारनं पायरी. वानगी वाटायची, बास. जमतंय?"

वडिलांनी हात जोडले. माझं कॉलेजसुद्धा मला याच माणसाच्या हातून मिळणार होतं. त्या दिवसापासून तो मला 'मॅट्रिक' अशी हाक मारायला लागला. पुढं 'बी. ए.' म्हणायला लागला. मारुती हे माझं नाव त्याला ठाऊक होतं की नाही, शंका आहे.

बेळगावात कॉलेज नवंच निघालं होतं. वकिलांची, मामलेदारांची मुलं कॅम्पातून सायकलीवर यायची. माझ्या अंगाला तपकिरीचा वास. बाकावर शेजारी कुणी बसेना, मग मी पहिल्या बाकावर एकटा बसायला लागलो आणि अर्थशास्त्रात पहिला आलो. मागणी, पुरवठा, भांडवल, सगळं तोंडपाठ. वाटायचं, हा पायरीवरचा माणूस जे चाचपडत करतो, ते मी शास्त्रानं करीन.

महिन्यातून एखाद्या रविवारी नेमाण्णा सर्व्हिस मोटारीनं यायचा. किती माल गेला ते मुनिमाकडून कळायचं. मला त्याचा एकच प्रश्न असायचा.

"मॅट्रिक, कोण आलं न्हाय?"

पहिल्यांदा मी हसलो. "जे आलंच न्हाय ते मी कसं सांगू?"

"मग काय शिकतोस कालिजात? आलेल्याला आंधळाबी मोजतोय. न आलेला दिसाय पायजे."

मी चिडून खुन्नस म्हणून बघायला लागलो. पुढच्या वेळी सांगितलं, "बेळगुंदीकडचे शेतकरी बाजारच्या दिवशी येतात, पण गाडी सोडून येत नाहीत. बैल बुजतात." त्यानं मान हलवली. दुसऱ्या बाजारापासून ताटली घेऊन मला गाड्यांच्या अड्ड्यावर पाठवलं. शाबासकी नाही, काही नाही. माल मात्र जायला लागला, आणि मुनीम म्हणाला, "अण्णांचं डोकं!" बघितलं मी होतं.

दुसऱ्या वर्षी मी म्हणालो, "शहापूरचे कोष्टी येत नाहीत. चिकट लोक."

नेमाण्णानं छत्री उचलली. "चल."

शहापूर म्हणजे बेळगावला चिकटूनच, पण तेव्हा संस्थानाच्या हद्दीत. गल्लीगल्लीतून मागांची खटखट. नेमाण्णा ओळखदेख नसताना एका घरात शिरला आणि मागाच्या खड्ड्याशेजारी मांडी घालून बसला. खड्ड्यात पाय सोडून एक म्हातारा लुगडं विणत होता. नेमाण्णानं ताटली पुढं केली. म्हाताऱ्यानं हात जोडले आणि धोटा फेकत राहिला.

नेमाण्णानं काही विचारलं नाही. लुगड्याच्या काठाचं बोलला, सुताचं बोलला, म्हाताऱ्याच्या जावयाचं बोलला. मला कंटाळा आला. ऊन उतरायला लागलं, नेमाण्णाची जेवणाची वेळ होत आली. तेवढ्यात म्हाताऱ्यानं माग थांबवला, अंग आळोखेपिळोखे देऊन बाहेर आला, चिमूट घेतली, ओढली आणि सटासट शिंकला.

"झकास हाय वो," डोळे पुसत म्हणाला. "पर मागावर जमत न्हाय."

"का बरं?"

"शिंक आली की हात हलतोय. हात हलला की तार तुटती. मग सांधत बसा. आन् वर हिची बोलणी."

आतून बायको म्हणाली, "बोलणी न्हाईत तर काय आरती करू? लुगडं लोक वार मोजून घेत्यात, शिंका मोजून न्हाय!"

नेमाण्णा एवढा हसला की रुमाल सुटला. मीही हसलो. पुढं बरेच महिने निपाणीहून निरनिराळ्या पुड्या येत राहिल्या, जरा जाड, जरा जास्त तुपाची, चुना कमी. प्रत्येक पुडी घेऊन मी शहापुरात जायचो, मागाशेजारी बसायचो आणि बघितलेलं त्याला सांगायचो. शेवटी एक पुडी अशी आली की म्हाताऱ्यानं चालत्या मागावर ओढली, डोळे मिटले, उघडले, आणि धोटा तसाच पलीकडं गेला. शिंक नाही. त्या तपकिरीचं नाव पडलं 'मागावरची'. शहापुरात आणि वडगावात घरोघर गेली.

त्याआधी वर्षभर मी त्या गल्ल्यांतून ये-जा करत होतो. खटखट माझ्याही कानावर पडत होती. मला 'चिकट' एवढाच शब्द सुचला होता. ती पुडी जमली त्या दिवशी मी माळ्यावर अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. पुस्तकात चूक नव्हती. पण त्यात शिंक नव्हती.

बी. ए. झालो. आमच्या गल्लीतला पहिला. आईनं गल्लीला गूळ वाटला. वडिलांना वाटायचं मी कचेरीत चिकटावं, खुर्चीवर बसावं. मी म्हणालो, मी तपकीर काढणार. स्वतःची. वडील घाबरले. "नेमाण्णाच्या इरोधात?" त्यांना वाटलं, आभाळ कोसळेल. मलाही थोडं तसंच वाटावं अशी आशा होती. म्हणून मुद्दाम पायरीवर जाऊन सांगितलं.

"काढ की," नेमाण्णा म्हणाला. "तंबाखू पावसाच्या आत घे. दमट पडली तर कुटत न्हाय."

बस्स. त्याला माझी भीतीसुद्धा वाटली नाही. इतका अपमान माझा कॉलेजातल्या रिकाम्या बाकानंही केला नव्हता.

मग मी ठरवलं, असा सुवास काढीन की निपाणीनं नेमाण्णाचं नाक विसरावं. वडिलांनी नव्या छपरासाठी राखलेले सगळे पैसे दिले. हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचा पावसाळा आम्ही जुन्याच गळक्या छपराखाली काढला. मी उत्तम पान घेतलं. केवडा, गुलाब, वेलदोडा घातला. पुन्हा पुन्हा हुंगून बघायचो. वास कमी वाटायचा, थोडा घालायचो. परत हुंगायचो, कमीच वाटायचा. शेवटी मनासारखं जमलं. पुडीवर गुलाबाचं चित्र छापून घेतलं आणि बाजारच्या दिवशी ताटली मांडून बसलो.

पहिलाच एक धनगर आला. चिमूट ओढली, मागं सरकला, माझ्याकडं आणि पुडीवरच्या गुलाबाकडं बघितलं.

"मास्तर, हे नाकात घालायचं का वरातीत शिंपडायचं?"

सगळा बाजार हसला. वरात हे नाव माझ्या तपकिरीला कायमचं चिकटलं. "वरात आली काय रं आज?" असं पोरंसुद्धा विचारायची. तीन-चार बाजार मी तसाच ताठ बसलो. घरी पुड्यांची थप्पी, तिचा वास भाकरीला. आता भाकरी कडूही लागायची आणि गुलाबाचीही. वडील नुसते छपराकडं बघायचे. ते मला जास्त लागायचं.

एका सकाळी पुडी घेऊन नेमाण्णाच्या घरी गेलो. दुकानात सगळ्यांसमोर विचारणं मला जमलं नसतं. गावातलं सगळ्यांत मोठं नाक काय म्हणतं ते ऐकायचं होतं.

गल्लीच्या तोंडाशीच मला दूध करपल्याचा वास आला. दारात गेलो तर कोंदलेला. आत ओसरीवर नेमाण्णा बसलेला, पलीकडं चार हातांवर शेगडी, शेगडीवर पातेलं, दूध उतू जाऊन, आटून, आता बुडाला काळं होत चाललेलं. आणि हा बोटांत चिमूट धरून शांत. पाठ शेगडीकडं. मी धावत जाऊन धोतराच्या सोग्यानं पातेलं उतरवलं. तेव्हा त्यानं वळून बघितलं.

"आगं बया! बायकू बस्तीच्या देवळात गेलीया. दूध बघा म्हणून सांगून गेली. आता मेलो मी."

"वास आला न्हाय तुम्हाला?"

तो पातेल्याकडं बघत राहिला. मी त्याच्याकडं. आणि माझ्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं. कधीच नाकाला न लागणारी चिमूट. म्हशीची चौकशी. पायरीवरून वर बघणारे डोळे.

"तुम्हाला वासच येत न्हाय," मी म्हणालो.

"व्हय," नेमाण्णा म्हणाला. "मानमोडीची साथ आली हुती, त्या तापात गेला. जीव ऱ्हायला, वास गेला. मग?"

"मग? लोक म्हणतात नेमाण्णाचं नाक..."

"लोक म्हणत्यात. मी म्हणलोय व्हय कवा?"

खरंच, तो कधीच म्हणाला नव्हता. मला संताप आला. माझ्याकडं खरं नाक. निपाणीत कुणाकडं नाही असं. आणि नाव होतं या बिननाकाच्या माणसाचं.

"बाजारात सांगू काय?" मी विचारलं. मी हे विचारलं याचं मला आजही काही वाटत नाही. प्रश्न सरळ होता.

"सांग की." तो पातेल्यात पाणी ओतत होता. "माझं नाक नसलं म्हणून गिऱ्हाइकाचं नाक बदलतंय व्हय? ते वढणार त्येंच्या नाकानं." मग माझ्या हातातली पुडी घेतली, हुंगली नाही, नुसती उलटीसुलटी करून परत दिली. "मालक सोता किती बारी हुंगतोय?"

"पुन्हा पुन्हा."

"हां. घटकाभर हुंगलं की नाक मरतंय. मग वाटतंय, कमी पडलं, आणि घाल. मी बी असाच हुंगत बसायचो. नाक हुतं तवा माझा धंदाच चालत न्हवता, बी. ए. ताप आला, नाक गेलं, मग काय करू? लोकांच्या तोंडाकडं बघाय लागलो."

मी जायला निघालो तेव्हा मागून म्हणाला, "वखारीतबी मी तुझ्या बाच्या तोंडाकडं बघतो. बोद उचलताना त्येची मान वळली की त्यो बोद मी घेत न्हाय. चांगल्या पानाला त्यो मान वळवत न्हाय. लई नामी नाक हाय तुझ्या बाचं."

घरी आलो तर वडील दारात खोकत बसले होते. ज्या नाकाचं कौतुक ते माझ्या जन्मापासून करत होते, ते त्यांचंच होतं. मी त्यांना हे सांगितलं नाही. बाजारातही सांगितलं नाही. बाजारात न सांगण्यात माझा मोठेपणा नव्हता. नेमाण्णा म्हणाला ते खरं होतं, सांगून माझी एक पुडी जास्त गेली नसती.

माझा जळफळाट मात्र त्या दिवशी कामाला लागला. मी ठरवलं, याचीच विद्या याच्यावर चालवायची. नेमाण्णाच्या पायरीवर कोण येत नाही?

समोर चांभाराच्या दुकानाशेजारी कडुलिंब होता. तिथं मी बसायला लागलो. लोकांना वाटलं, वरातवाल्या मास्तरचं डोकं फिरलं. शेतकरी यायचे, गाडीवान, कोष्टी, पोलीस, शाळामास्तर, भटजी. सगळे येत होते. मला कुणी न येणारा दिसेना. मग एका संध्याकाळी वखारी सुटल्या आणि बायकांचा लोंढा बाजारातून निघाला. पायरी जवळ आली तसे पदर पुढं आले, माना खाली गेल्या, पावलं भरभर पडली. पायरी मागं पडली आणि पदर पुन्हा खांद्यावर. त्या लोंढ्यात माझी आई होती.

घरी विचारलं, "आई, तू तपकीर लावतीस न्हवं दाताला?"

"दाताला लावतो, डोकं दुखलं की वढतोबी. समद्याच बाया वढत्यात. का रं?"

"मग आणतीस कुठनं?"

"तुझ्या बाला सांगतो. इसरलं तर न्हाय. त्या बाप्यांच्या म्होरं जाऊन मी चिमूट वढू व्हय?"

नेमाण्णा एवढी वर्षं निपाणीच्या तोंडाकडं बघत होता. पण पदराआडचं तोंड त्या पायरीवरून दिसत नव्हतं. निम्मं गाव त्याच्या डोळ्यांसमोरून रोज संध्याकाळी जात होतं आणि तो त्यांना "म्हशीनं दूध दिलं काय?" असंसुद्धा विचारू शकत नव्हता.

आमच्या घराला एक दगडी पायरी होती, अरुंद, गल्लीच्या आतल्या बाजूला. वखारीतून आल्यावर आई हात धुवून तिथं ताटली घेऊन बसायला लागली. मी आत, दाराआड. मी नाकाला फडकं बांधून तपकीर कालवायचो. स्वतःला हुंगायची बंदीच घातली होती. केवडा-गुलाब फेकून दिलं. थोडी लवंग ठेवली, दातासाठी. आई पायरीवरून आत सांगायची.

"सुंदराबाई वढली आन् गप बसली. काय बोललीच न्हाय."

"तोंड कसं केलं?"

"आंबट. लवंग ज्यादा झालीया रं. आन् शेवंता पुडी कमरंला खोचून गेली, परत आली, सासूसाठी आणि एक घेतली."

पुडीवर चित्र नको, नवऱ्याला दिसते, असं आईनंच सांगितलं. पुडी लहान हवी, कमरेला मावणारी, हेही तिनंच. तपकिरीला नाव नव्हतं. बायका म्हणायच्या, "मारुतीच्या आईची." शेजारच्या गल्लीतल्या बायका यायला लागल्या. मग दुसऱ्या वखारीतल्या. मग आडीवरून, कोगनोळीवरून बाजाराला आलेल्या बायका गल्ली विचारत यायला लागल्या. छप्पर झालं. वडिलांना मी वखारीतून काढलं. ते पुड्या बांधायला बसले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "नेमाण्णाला दाखवून आणूया काय वास?"

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, एका दुपारी नेमाण्णा आमच्या गल्लीत आला. बराच थकला होता. छत्री आता काठीसारखी टेकत होता. आई त्या दिवशी वखारीला सुट्टी म्हणून लवकर बसली होती. तो येऊन सरळ पायरीवर बसला, त्याच्या सवयीनं, सगळ्यात खाली. आमची पायरी एकच, म्हणजे आईच्या शेजारी.

"आक्का, एक चिमूट बघू."

आईनं ताटली पुढं केली. त्यानं चिमूट बोटांत धरली आणि वर बघितलं, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायला. मी दाराआडून बघत होतो.

गल्लीत आठ-दहा बायका होत्या. सगळ्यांनी पदर ओढून पाठ फिरवलेली. कुणी भिंतीकडं बघतेय, कुणी पोराचं नाक पुसतेय. एकही पुढं येईना. नेमाण्णा एकीकडून दुसरीकडं बघत राहिला. त्याला एकही चेहरा दिसेना.

आईनं ताटली मांडीवर ओढली. मग म्हणाली, "नेमाण्णा, राग मानू नका, पर तुमी उठा बघू हितनं. बाया खोळंबल्यात."

निपाणीत नेमाण्णाला पायरीवरून कुणी उठवलं नव्हतं. वडील आतून धावत बाहेर यायला लागले, त्यांना मी धरलं.

नेमाण्णा उठला. छत्री टेकली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथं थांबून मागं वळला. तो लांब गेला तसे पदर मागं सरले आणि बायका पायरीला भिडल्या. चिमट्या ताटलीत जात होत्या, कुणी हसत होती, कुणी आईला सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. तो बघत उभा होता. ऊन उतरलं होतं, त्याची जेवणाची वेळ झाली होती, पण त्यानं एकदाही आभाळाकडं बघितलं नाही.

चेहरा बघायला मी त्याच्याकडूनच शिकलो होतो. त्याचा चेहरा मी त्या दिवशी नीट बघितला. ओठ दाबलेले, डोळे बारीक, मान किंचित पुढं. तो चेहरा मला अनोळखी नव्हता. इतकी वर्षं त्याच्या पायरीकडं बघताना माझा असाच होत असणार. मला त्याचा कळवळा आला नाही. मला फार बरं वाटलं.

मग बोटांतली चिमूट त्यानं पहिल्यांदाच माझ्यादेखत नाकाला लावली, जोरात ओढली आणि छत्री टेकत निघून गेला. पुढच्या उन्हाळ्यात तो वारला. त्या दिवसानंतर मी त्याला बघितलं नव्हतं.

त्या दिवाळीनंतर आई वखारीत गेली नाही. आमच्या घरची भाकरी आता कडू लागत नाही.